रसायनज्ञ अलेक्झांडर बुटलेरोव्ह

रशिया देशांतील काझान प्रांतांत, चिस्तोपोल या गांवीं, इ. स. १८२८ सालीं अलेक्झांडर बुटलेरोव्ह यांचा जन्म झाला. थोड्याच दिवसांत मातृछत्र हरपलें व बालपण आजोळीं गेलें.

पुढें काझान येथील वसतिशाळेंत असतां या मुलास रसायनांचा नाद लागला. चोरून चालविलेल्या प्रयोगांत एके दिवशीं स्फोट झाला. शिक्षा म्हणून त्यास अंधारकोठडींत कोंडलें, आणि हा थोर रसायनज्ञ आहे अशी उपहासाची पाटी गळ्यांत अडकवून भोजनगृहांत सर्वांसमोर उभें केलें, असें सांगतात. थट्टेनें लिहिलेली ती पाटी काळानें खरी ठरविली.

काझान विद्यापीठांत क्लाउस व झिनिन या नामांकित गुरूंजवळ अध्ययन करून बुटलेरोव्ह तेथेंच प्राध्यापक झाले. १८६१ सालीं त्यांच्या हातून दोन महत्कार्यें घडलीं. पदार्थाचे गुण त्यांतील अणूंच्या परस्पर जोडणीवर अवलंबून असतात, हा सिद्धान्त त्यांनीं जर्मनींतील स्पायर येथें विद्वानांच्या सभेपुढें मांडला. त्याच वर्षीं त्यांनीं फॉर्मॅल्डिहाइडचें एक घन रूप चुन्याच्या निवळींत तापविलें. बेडकांचे नमुने टिकविण्याचें जें उग्र वासाचें फॉर्मॅलिन, त्यांतलेंच हें द्रव्य. त्यापासून तयार झाला गोड चवीचा पाक! ऊस नाहीं, बीट नाहीं, मधमाशी नाहीं; निर्जीव द्रव्यांपासून साखर!

या पाकाचें महत्त्व पुढें फार वाढलें. सजीवांच्या पेशींतील आर. एन. ए. नामक द्रव्य रायबोज या शर्करेवांचून बनत नाहीं. मग जीव निर्माण होण्यापूर्वीं ही शर्करा आली कोठून? आद्य पृथ्वीच्या वातावरणांत सूर्यकिरणांनीं फॉर्मॅल्डिहाइड बनून तें पावसाबरोबर जलाशयांत उतरलें असावें व तेथें खनिजांच्या संगतींत हीच क्रिया घडली असावी, असा कित्येक शास्त्रज्ञांचा तर्क आहे. परंतु या क्रियेंत अनेक शर्करांची सरमिसळ होते, रायबोज अल्पच निघतो, आणि क्रिया लांबल्यास सारा पाक काळपट होऊन नासतो. बोरॉनयुक्त खनिजें रायबोजला सांवरून धरतात, हें २००४ सालीं दिसून आलें. २०१९ सालीं तर आकाशांतून पडलेल्या अशनींतही तो सांपडला. तथापि कोडें पूर्ण उलगडलेलें नाहीं.

१८६८ सालीं बुटलेरोव्ह सेंट पीटर्सबर्ग येथें गेले. मधमाशीवांचून गोडी निर्माण करणाऱ्या या पुरुषानें मधमाश्या पाळण्याचें शास्त्रही शेतकऱ्यांसाठीं ग्रंथरूपानें लिहिलें. १८८६ सालीं त्यांचा अंत झाला.

असल्या संशोधनानें श्रद्धा डळमळेल, असें भय कोणी बाळगूं नये. मातीपासून मनुष्य घडविणाऱ्या परमेश्वराची रीत कोणती, हें नम्रपणें शोधणें हीही उपासनाच होय. विद्यार्थ्यांनो, प्रयोग गुरुजनांच्या देखरेखीखालींच करा. आणि पालकहो, मुलाच्या हातून कांचेची नळी फुटली तर रागावण्यापूर्वीं काझानच्या त्या पाटीचें स्मरण असूं द्या.