भावाची शिकवणी आणि बहिणीचं गाणं : उम्म कुलसुम कशा घडल्या?

अरब जगातली सर्वात मोठी गायिका कोण, असं विचारलं तर इजिप्तपासून मोरोक्कोपर्यंत आजही एकच नाव पुढे येतं, उम्म कुलसुम. ३ फेब्रुवारी १९७५ रोजी कैरोत त्यांचं निधन झालं, तेव्हा लाखो माणसं रस्त्यावर उतरली होती. पण एवढी मोठी गायिका गाणं शिकली कुठे? सुरुवातीला तर तिला कुणी शिकवलंच नव्हतं. घरात शिकवणी चालायची ती भावाची.

नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशात, दकहलिया प्रांतात तम्माय अल्-जहायरा हे तिचं खेडं. वडील इब्राहिम अल्-बलताजी गावच्या मशिदीत इमाम. त्या कमाईत घर भागायचं नाही, म्हणून आजूबाजूच्या गावांत लग्नकार्याला, सणावाराला धार्मिक गीतं गायला जायचे. आपल्यामागे मुलगा खालिद गाईल, या विचाराने ते त्याला घरी गाणी शिकवत. लहानगी उम्म कुलसुम तिथेच खेळता खेळता ऐकायची. तिने ती गाणी नुसती कानावर पडून पाठ केली. एक दिवस ती स्वतःशीच गुणगुणताना वडिलांच्या लक्षात आलं, की पोरीचा गळा पोरापेक्षा दमदार आहे. तेव्हापासून तीही शिकवणीला बसू लागली.

दुसरी शाळा होती गावचा कुत्ताब, म्हणजे कुराण पाठ करून घेणारी छोटी शाळा. घरची गरिबी इतकी, की तिथली फी भरणंही जड जायचं. पण आई फातिमाने मुलीचं शिक्षण सुटू दिलं नाही. कुराणपठणात प्रत्येक अक्षर कुठून उच्चारायचं, कुठे थांबायचं, श्वास कुठे घ्यायचा, याचे काटेकोर नियम असतात. उम्म कुलसुम यांच्या गाण्यात शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येतो, त्याचं मूळ या पाठांतरात आहे.

मुलीने चारचौघांत गायचं म्हणजे लोक काय म्हणतील, ही धास्ती वडिलांना होतीच. त्यांनी तोडगा काढला. मुलीला मुलाचा पोशाख, अंगात बेदुईनी डगला आणि डोक्याला फडकं. आपल्याकडे त्याच काळात बालगंधर्व लुगडं नेसून रंगभूमी गाजवत होते. तिकडे ही पोर मुलगा बनून गात होती. सुरुवातीला सगळे पायीच जायचे. पुढे बोलावणी वाढली तशी गाढवं मिळाली, मग आगगाडीचं तिकीट. बघता बघता घरातली सर्वात जास्त कमावती ती झाली.

याच फिरतीत शेख अबू अल्-इला मुहम्मद या नामवंत गायकाशी गाठ पडली. त्यांच्या तबकड्या तिने आधी गावात फोनोग्राफवर ऐकल्या होत्या. पोरीला कैरोला आणा, असं त्यांच्यासारख्या जाणकारांनी वडिलांना सांगितलं, आणि १९२३ च्या सुमारास हे कुटुंब राजधानीत आलं.

शहराने मात्र तिचं गावंढळपण लगेच हेरलं. आवाज उत्तम, पण गाण्याला सफाई नाही आणि वेश तर पाहा, असा सूर लागला. खरी शिकवणी सुरू झाली ती इथून. बाईने रीतसर संगीत शिकावं अशी सोय तेव्हा जवळपास नव्हतीच, त्यामुळे माणसं हीच तिची शाळा झाली. अबू अल्-इला यांनी अभिजात कसीदे शिकवले. शब्दाचा अर्थ कळल्याशिवाय गायचं नाही, ही त्यांची शिस्त. कवी अहमद रामी यांनी तिला अरबी काव्य वाचायला शिकवलं आणि पुढे तिच्यासाठी शंभराहून अधिक गीतं लिहिली. संगीतकार मुहम्मद अल्-कसबजी यांच्यामुळे नव्या चाली तिच्या गळ्यात उतरल्या. मोठ्या घरच्या बायका कशा बोलतात, कशा बसतात, हेही ती बारकाईने पाहत राहिली.

१९२६ साली निर्णयाची वेळ आली. तोपर्यंत मागे साथीला वडील, भाऊ आणि नात्यातली माणसं गात. त्या वर्षी मुलाचा पोशाख सुटला आणि घरच्या गायकांची जागा कसलेल्या वादकांच्या तख्ताने घेतली. ऊदवर कसबजी, व्हायोलिनवर सामी अल्-शव्वा, आणि कानूनवर, म्हणजे आपल्या स्वरमंडळाच्या जातीच्या वाद्यावर, मुहम्मद अल्-अक्काद. ज्या बापाने गाणं दिलं आणि ज्या भावाच्या शिकवणीतून ते मिळालं, त्यांनाच मंचावरून बाजूला व्हावं लागलं. वडील-भाऊ पाठीशी राहिले, पण गाण्याची पुढची वाट वादकांसोबतची होती.

संगीताच्या शिक्षणाचा प्रश्न याच सुमारास सरकारदरबारीही पोचला. १९३२ मध्ये कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली. बेला बार्टोक, पॉल हिंडेमिथ असे युरोपातले संगीतकार तिला आले होते. मुलांना संगीत कसं शिकवावं, यासाठी परिषदेत खास समिती होती. तोवर उम्म कुलसुम नावारूपाला आल्या होत्या.

१९३४ मध्ये इजिप्तचं सरकारी रेडिओ केंद्र सुरू झालं. पुढे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांची मैफल थेट प्रसारित होऊ लागली. देश वेगळे, सरकारं वेगळी, पण भाषा एक, त्यामुळे हा आवाज सीमा ओलांडून घराघरांत शिरला. एकेक गाणं तास-तासभर चाले. श्रोत्यांची दाद आली की तीच ओळ पुन्हा, दर वेळी नव्या वळणाने. आपल्या संगीत नाटकातल्या ‘वन्स मोअर’ची सवय असलेल्यांना ही रंगत समजावून सांगायला नको. इब्राहिम नाजी यांच्या कवितेवरचं, रियाद अल्-सुनबाती यांनी चाल दिलेलं ‘अल्-अतलाल’ १९६६ मध्ये आलं, तेव्हा त्या साठीच्या घरात होत्या. १९६७ च्या युद्धातल्या पराभवानंतर देशासाठी निधी उभा करायला त्या पॅरिसपर्यंत जाऊन गायल्या.

कैरोतल्या रोदा बेटावर २००१ पासून त्यांचं संग्रहालय आहे. त्यांचे पोशाख, काळा चष्मा, हातातला रुमाल तिथे जपून ठेवलाय. शिकवणी मुळात भावासाठी होती, पण तिचं चीज बहिणीने केलं. वडिलांनी त्या दिवशी तिचं गुणगुणणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं, तर हा गळा त्या खेड्यातल्या घरातच राहिला असता.