निळ्या पेटीतले आकाश : एडविन लिंक

आपल्यापैकी ज्यांना हवाई दलात जायचे आहे, त्यांनी एडविन लिंक हे नाव लक्षात ठेवावे असे मला वाटते. लिंक सैनिक नव्हते. पियानो आणि ऑर्गन बनवणाऱ्या कारखानदाराचे ते पुत्र. तरीही असंख्य वैमानिकांचे प्राण त्यांच्यामुळे वाचले.

त्यांचा जन्म २६ जुलै १९०४ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे स्थायिक झाले. १९२० साली त्यांनी ५० डॉलर मोजून विमान चालवण्याचा पहिला धडा घेतला. शिक्षकाने हवेत भरपूर कोलांट्या मारल्या, पण विद्यार्थ्याला दांड्याला हात लावू दिला नाही. नवशिक्याच्या हाती विमान द्यावे तर दोघांचाही जीव धोक्यात, न द्यावे तर तो शिकणार कसा?

उत्तर त्यांना वडिलांच्या कारखान्यातच सापडले. ऑर्गन हवेच्या दाबावर आणि भात्यांवर चालतो. तेच भाते वापरून, कारखान्याच्या तळघरात सुमारे दीड वर्ष खपून, त्यांनी १९२९ साली जमिनीवरचे छोटे विमान तयार केले. आत बसून दांडा हलवला की झडपा उघडत, भाते फुगत किंवा मिटत आणि पेटी त्या दिशेला कलत असे. १९३१ मध्ये पेटंटही मिळाले. पण या यंत्राचे महत्त्व फार थोड्यांना कळले. बरीच यंत्रे करमणुकीच्या बागांमध्ये खेळणे म्हणून गेली.

१९३४ साली अमेरिकन सरकारने हवाई टपालाचे काम लष्कराच्या वैमानिकांवर सोपवले. कडाक्याचा हिवाळा, धुके, रात्रीची उड्डाणे आणि केवळ उपकरणे पाहून उडण्याचा अपुरा सराव. काही आठवड्यांतच डझनभर वैमानिक मृत्युमुखी पडले. तेव्हा लष्करी अधिकाऱ्यांनी लिंक यांना नेवार्क येथे बोलावले. हवामान इतके खराब होते की ते येणार नाहीत असेच सर्वांना वाटले. तेवढ्यात लिंक स्वतः विमान चालवत धुक्यातून उतरले. आणखी पुरावा कशाला हवा? लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलरला सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात पिवळ्या पंखांच्या या निळ्या पेटीत दोस्त राष्ट्रांच्या लक्षावधी वैमानिकांनी सराव केला.

भात्यांची जागा आज संगणकाने घेतली आहे. प्रवासी विमानाच्या फ्लॅप्सचेच उदाहरण घेऊ. पंखाच्या मागच्या कडेच्या या पट्ट्या मागे सरकून खाली झुकतात. त्यामुळे पंखाचे क्षेत्रफळ आणि बाक वाढतो आणि कमी वेगातही विमान तरून राहते. पण हवेचा विरोधही वाढतो आणि नाकाचा कल बदलतो. बोइंग ७३७ मध्ये फ्लॅप्सच्या दांड्याला १ पासून ४० पर्यंत खाचा आहेत. उतरताना साधारणपणे ३० किंवा ४० ची खाच वापरतात. सिम्युलेटरच्या संगणकात प्रत्येक खाचेसाठी उचल, विरोध आणि नाकाचा कल यांचे तक्ते असतात. हे आकडे वातबोगद्यातील आणि प्रत्यक्ष उड्डाणातील चाचण्यांवरून घेतलेले असतात. फ्लॅप्स दोन खाचांच्या मधे असले, तर संगणक दोन्ही तक्त्यांमधला आकडा काढतो, तोही सेकंदाला अनेकदा. एका पंखाचे फ्लॅप्स अडकले तर काय करायचे, हा सराव हवेत करणे जीवावर बेतू शकते. सिम्युलेटरमध्ये शिक्षक बटण दाबतो, विमान एका अंगावर कलू लागते आणि चूक झालीच तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते.

पुढे लिंक समुद्रसंशोधनाकडे वळले. १९७३ मध्ये फ्लोरिडाजवळ त्यांची 'जॉन्सन सी लिंक' ही छोटी पाणबुडी बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात अडकली. त्यात त्यांचा मुलगा आणि त्याचा एक सहकारी दगावले. या दुःखानंतर लिंक यांनी काय केले असेल? अडकलेल्या पाणबुडीची सुटका करणारे यंत्र तयार करण्यास त्यांनी स्वतःला वाहून घेतले. ७ सप्टेंबर १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

ड्रिलमध्ये तीच हालचाल शंभरदा करताना आपण कधी कधी कंटाळतो. मला मात्र आता वाटते, की जमिनीवर चुकायला मिळणे ही चैन आहे. ती वैमानिकांना मिळावी म्हणून एका माणसाने आयुष्य वेचले.