एली व्हिटनी : टीपेत न मावलेला इंजिनियर

मेट्रॉलॉजीच्या पेपरला ‘इंटरचेंजेबिलिटी’वर टीप हमखास येते. मीही ती लिहिली आहे. सुरुवात ठरलेली... एली व्हिटनी हा इंटरचेंजेबल पार्ट्सचा जनक! मार्क मिळाले, विषय सुटला आणि व्हिटनीसाहेब डोक्यातून गेले.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. ‘जिन’ हा शब्द आमच्याकडे पोराटोरांच्या तोंडी असतो. तो आला कुठून म्हणून शोधायला गेलो, तर तो ‘एंजिन’चा तुकडा निघाला आणि त्याच्यामागे पुन्हा तोच माणूस उभा! मग मात्र त्याचं चरित्र मिळेल तेवढं वाचून काढलं.

एलीचा जन्म ८ डिसेंबर १७६५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टबरो गावी, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. आई लहानपणीच गेली. इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि बाहेरून येणाऱ्या लोखंडी वस्तूंचा तुटवडा पडला. तेव्हा या पोराने वडिलांच्या वर्कशॉपमध्ये खिळे बनवायचा धंदा सुरू केला. युद्ध संपल्यावर खिळ्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, तर तो बायकांच्या हॅटला लावायच्या पिना बनवू लागला. कॉलेजला घरून विरोध होता. त्याने शेतमजुरी केली, शाळेत शिकवलं आणि पैसे साठवून १७८९ साली येल कॉलेज गाठलं. पदवी मिळाली १७९२ मध्ये, जवळजवळ सत्ताविसाव्या वर्षी. (ज्यांचे विषय राहिलेत त्यांनी धीर धरावा!)

डोक्यावर कर्ज होतं म्हणून तो शिकवणीच्या नोकरीसाठी दक्षिणेत निघाला, पण ठरलेला पगार निम्मा झाला. नोकरी सोडून तो जॉर्जियात सवाना शहराजवळच्या मलबेरी ग्रोव्ह या मळ्यावर राहिला. हा मळा युद्धातले सेनानी नॅथानिएल ग्रीन यांची विधवा कॅथरीन ग्रीन यांचा. मळ्याची सगळी कामं गुलाम करत.

तिथल्या शेतकऱ्यांची अडचण आपल्या ओळखीची आहे. लांब धाग्याच्या कापसाची सरकी गुळगुळीत असते, ती दोन रोलरांमधून कापूस ओढला की सुटते. आपल्या देशात अशी हातयंत्रं कित्येक शतकं चालत होती. पण लांब धाग्याचा कापूस अमेरिकेत फक्त किनारपट्टीला पिके. आतल्या भागात येणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची हिरवी सरकी रुईला घट्ट चिकटून बसायची. एका माणसाची दिवसभराची मेहनत म्हणजे जेमतेम एक पौंड रुई!

व्हिटनीने १७९३ मध्ये यंत्र बनवलं. लाकडी सिलिंडरवर तारेचे आकडे, समोर अरुंद फटी. हँडल फिरवलं की आकडे तंतू ओढून फटीतून पलीकडे नेतात, सरकी फटीत मावत नाही म्हणून अलीकडे पडते आणि उलट फिरणारा ब्रश आकड्यांवरची रुई झाडतो. एका यंत्रावर दिवसाला ५० पौंड! १४ मार्च १७९४ रोजी पेटंट मिळालं.

आता माणूस श्रीमंत होणार ना? नाही झाला. त्याने आणि त्याचा भागीदार फिनियस मिलर याने यंत्रं विकायचीच नाहीत असं ठरवलं. कापूस आमच्याकडे आणा आणि पाचातले दोन हिस्से आम्हाला द्या. शेतकरी भडकले. यंत्र इतकं सोपं होतं की गावचा लोहारसुद्धा नक्कल करू शके. १७९५ मध्ये न्यू हेवनचा कारखाना जळाला. १७९६ मध्ये हॉजेन होम्सने तारांऐवजी गोल करवतींच्या जिनचं पेटंट घेतलं. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. १८०७ साली कुठे निर्णायक निकाल बाजूने लागला, पण त्याच वर्षी पेटंटची मुदतही संपली!

पैशांसाठी त्याने १७९८ मध्ये सरकारकडून १०,००० बंदुकांचं कंत्राट घेतलं. मुदत सुमारे दोन वर्षांची. शेवटची बंदूक पोचली १८०९ मध्ये. (सबमिशन लेट करणाऱ्यांचा आद्यपुरुष!) मधे १८०१ साली त्याने वॉशिंग्टनला बड्या नेत्यांसमोर सुट्या भागांच्या ढिगातून कुठलेही भाग उचलून बंदुकीचे चाप जोडून दाखवले. आपली टीप इथूनच जन्मली. पण विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्याच्या बंदुका तपासल्या, तेव्हा भाग एकमेकांत बसेनात. म्हणजे प्रात्यक्षिकाचे नग आधीच जुळवून ठेवलेले असावेत. शिवाय फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लांने हे त्याआधीच करून दाखवलं होतं, आणि अमेरिकेत खऱ्या अर्थाने ते जमलं १८२० च्या दशकात, हार्पर्स फेरीच्या कारखान्यात जॉन हॉलला. म्हणजे आपण परीक्षेत जे लिहितो ते पुरतं खरं नाही, आणि जे खरं आहे ते कुणी विचारतच नाही.

ते खरं असं. जिन म्हणजे श्रमांची बचत करणारं यंत्र. मग मजूर कमी लागायला हवे होते. झालं उलटं! सरकी काढणं हा बॉटलनेक होता, तो सुटला आणि ताण सरकला शेतावर. नांगरणी, खुरपणी, वेचणी हाताचीच होती आणि ती गुलामांकडून करून घेतली जायची. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळजवळ ४० लाख. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला कायद्याने बंदी आली, तर देशातल्या देशात बाजार सुरू झाला. सुमारे दहा लाख माणसं घरादारापासून, मुलाबाळांपासून तोडून नव्या कापूसपट्ट्यात नेली गेली. इंग्लंडच्या गिरण्यांची भूक आणि मळेवाल्यांचा लोभ याला जबाबदार होताच, सगळं पाप एका यंत्राच्या माथी मारता येणार नाही. पण त्या लोभाला वाट त्या यंत्राने करून दिली, हेही नाकारता येत नाही. शेवटी १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, गुलामगिरी संपली. अमेरिकेचा कापूस अडला म्हणून त्याच काळात आपल्या मुंबईत कापसाच्या व्यापाऱ्यांनी पैसा ओढला.

व्हिटनीने यातलं फार थोडं पाहिलं. ८ जानेवारी १८२५ रोजी न्यू हेवनला तो वारला. उमेदीची वर्षं तो पेटंटचा आणि पैशांचा हिशेब मांडत होता. दुसरा हिशेब कुणी मांडायला सांगितला नव्हता.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट आहे, कापूस वेचायचं हातयंत्र. सिनॉप्सिसमध्ये फायद्यांच्या यादीत पहिलाच मुद्दा मीच लिहिलाय, श्रमांची बचत. आमच्या शेतात वेचायला येणाऱ्या शांतामावशी आणि बाकीच्या बायकांना मजुरी मिळते किलोवर. यंत्र आलं तर त्यांचे किलो वाढतील, की दर पडतील, की त्यांना बोलावणंच बंद होईल? मला माहीत नाही. गाईडसरांनी हा प्रश्न विचारलेला नाही, एक्स्टर्नलही विचारणार नाहीत.

म्हणून सिनॉप्सिस द्यायच्या आधी गावी जाऊन मावशींनाच विचारून येणार आहे. त्या जे सांगतील, ते रिपोर्टमध्ये एक पान वाढवून लिहीन.