प्रतापगडचा एक क्षण

श्रीशिवछत्रपतींचे चरित्र आपल्या घराघरांत लहान मुलांसही तोंडपाठ असते. तेव्हा तेच पुन्हा सांगण्याचे कारण काय, असे कोणी सभासद विचारतील. कारण इतकेच की, उत्सवात पोवाडा ऐकताना अफजलखानाचा प्रसंग आला की टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि त्या गजरात तो प्रसंग जणू एका फटक्यात घडून गेला असे मुलांस वाटू लागते. पराक्रम म्हणजे बेधडक अंगावर जाणे, अशी काहीशी समजूत त्यांच्या मनात घर करते. महाराजांचे चरित्र जवळून पाहू लागलो तेव्हा आम्हांस मात्र वेगळेच दिसले.

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर झाला. पुण्याच्या जहागिरीत मातोश्री जिजाबाईंच्या नजरेखाली ते वाढले, मावळातील सवंगडी जमविले, गड घेतले आणि १६५६ साली जावळी हस्तगत केली. त्याच मुलखात प्रतापगड उभा राहिला. हे सर्व वाचकांस ठाऊकच आहे.

इ. स. १६५९ साली विजापूर दरबाराने अफजलखानास मोठी फौज देऊन त्यांच्यावर धाडले. खान हा सामान्य सरदार नव्हता. धिप्पाड देहाचा, अनुभवी, आणि पूर्वी वाईचा सुभेदार असल्याने त्या प्रांताचा पुरा माहितगार. महाराजांचे वडील बंधू संभाजीराजे कनकगिरीस पडले, त्याचा दोषही महाराजांच्या घरात खानाकडेच जात असे. कर्नाटकातील शिऱ्याच्या राजास त्याने भेटीस बोलावून ठार केल्याची हकीकत त्या काळी सर्वांस माहीत होती. मैत्रीचे सोंग घेऊन काम साधावे असा सल्ला खानास विजापुराहूनच मिळाला होता, असे राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात लिहून ठेवले आहे.

ज्या दिवसांत हे संकट चालून आले ते दिवसही कसले! ५ सप्टेंबर रोजी राजगडावर सईबाईसाहेब निवर्तल्या. संभाजीराजे अवघे सव्वादोन वर्षांचे होते. घरात सुतक, बाहेर शत्रू, आणि मावळातील देशमुखांस बादशाही फर्माने येऊन पडलेली. खंडोजी खोपडे खानास मिळाला. कान्होजी जेध्यांसही तसेच फर्मान आले होते; पण ते पुत्रांसह महाराजांपुढे उभे राहिले आणि वतनावर पाणी सोडण्यास तयार झाले. प्रतापगडच्या यशाची गोष्ट सांगताना आम्ही मंडळी वाघनखांपासून आरंभ करतो. आमच्या मते ती कान्होजींच्या या येण्यापासून सांगितली पाहिजे.

मोकळ्या मैदानात खानाशी गाठ पडली तर निभाव लागणार नाही, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणून ते राजगड सोडून प्रतापगडावर आले आणि आपण भ्यालो आहो असे खानास भासू दिले. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर आला. इकडून पंताजी गोपीनाथ गेले. पंतांनी खानाच्या गोटातील खरा मनसुबा काढून आणला आणि खानासच जावळीच्या रानात उतरण्यास राजी केले. भेटीची जागा गडाखाली, वेळ दिवसाची, बरोबर मोजकीच माणसे. या अटींतील प्रत्येक गोष्ट महाराजांनी आधी विचारून ठरविलेली होती. रानात ठिकठिकाणी मावळे दबा धरून बसविले होते, आणि गडावरून तोफेचा आवाज होताच कोणी कोठे तुटून पडावयाचे हे वाटून दिले होते. आपले बरेवाईट झाल्यास राज्य कसे चालवावे हेही सांगून ठेविले होते.

१० नोव्हेंबर १६५९, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार. महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला. सभासदाच्या बखरीप्रमाणे त्यांच्याजवळ बिचवा व वाघनख होते. शामियान्यानजीक सय्यद बंडा हा पट्टाईत उभा दिसताच महाराज थांबले. त्यास दूर करा, मगच पुढे येतो, असा निरोप पंतांकरवी गेला आणि बंडा दूर झाला. आम्हांस हा थांबण्याचा क्षण फार मोलाचा वाटतो. समोर इतका मोठा शत्रू वाट पाहत बसलेला, मागे सारे राज्य पणाला लागलेले; तरी त्यांची नजर बारीक होती आणि पाऊल मागे घेण्याची लाज त्यांस वाटली नाही.

पुढे जे घडले ते सांगण्यास जितका वेळ लागतो त्याहून कमी वेळात घडले. खानाने आलिंगनाच्या मिषाने महाराजांची मान बगलेत दाबली आणि कुशीत शस्त्र चालविले. ते चिलखतावर खरखरले. त्या निमिषात विचार करण्यास सवड नव्हती, आणि महाराज विचार करीत बसलेही नाहीत. मान मोकळी होण्याची वाट न पाहता, हात जेथे पोहोचला तेथेच, म्हणजे खानाच्या पोटावर, त्यांनी वार केला आणि मिठीतून अंग सोडवून घेतले. खान ओरडत बाहेर पडला. सय्यद बंडा धावून आला. त्याचा उगारलेला हात जिवा महालाने वरच्यावर तोडला. भोयांनी खानास पालखीत घातले, तोच संभाजी कावजीने भोयांचे पाय छाटून पालखी पाडली आणि खानाचा शिरच्छेद केला. गडावर तोफ झाली आणि रान उठले.

पहिला वार कोणाचा, यावर पुष्कळ वाद झाला. मोगल पक्षाच्या लेखकांनी दोष महाराजांवर ठेविला. सर जदुनाथ सरकारांनी साधने तपासून हात प्रथम खानाचाच उठला असा निर्णय दिला. वाघनखांबद्दलही असेच आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ साली साताऱ्यास प्रदर्शनासाठी आणली, तेव्हा लोकांची रीघ लागली. परंतु ती महाराजांचीच हे सिद्ध करता येत नाही, असे खुद्द ते संग्रहालयच सांगते. भाविकांनी दर्शन घेतले त्यात आम्हांस वावगे दिसत नाही. शस्त्र कोणतेही असो, हात त्यांचाच होता.

खान पडल्यावर महाराज विजयोत्सवात गुंतले नाहीत. अठराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरास, पन्हाळा त्यांच्या हाती आला. पुढील वर्षी त्याच पन्हाळ्यावर सिद्दी जौहरने त्यांस कोंडले, तेव्हा भर पावसात, १२ जुलैच्या रात्री, त्यांनी वेढ्यातून निघून जाणे पत्करले. मागे खिंडीत बाजीप्रभूंनी देह ठेविला, त्याचे मोल महाराज कधी विसरले असतील असे वाटत नाही.

५ एप्रिल १६६३ च्या रात्री ते स्वतः लाल महालात शिरले. ज्या वाड्यात बालपण गेले त्याच्या भिंती त्यांस अंधारातही ओळखीच्या होत्या. शाएस्तेखानाची बोटे तुटली, त्याचा पुत्र मारला गेला, पण दिवे मालवले आणि खान निसटला. आणखी थोडे शोधावे असा मोह कोणासही झाला असता. महाराजांनी तो टाळला व छावणी पुरती जागी होण्याच्या आत माणसे बाहेर काढली. खानाची मात्र पुढे बंगालकडे बदली झाली.

आणि आग्रा. १२ मे १६६६ रोजी भरदरबारात अपमान झाला तेव्हा महाराज संतापाने लाल झाले, दरबार सोडून निघाले, परंतु शस्त्रास हात घातला नाही. तेथे वाघनखांचा उपयोग नव्हता. तीन महिने नजरकैदेत धीर धरून १७ ऑगस्टास ते निसटले, बालसंभाजीसह.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि ३ एप्रिल १६८० रोजी तेथेच त्यांनी देह ठेविला.

प्रतापगडास जाणाऱ्या आमच्या सभासदांनी दोन स्थाने अवश्य पाहावीत. वर, गडावर, महाराजांनी १६६१ साली स्थापिलेली श्रीभवानी. आणि खाली, पायथ्याशी, अफजलखानाची कबर. मेलेल्या शत्रूस तेथे त्याच्या धर्माप्रमाणे मूठमाती मिळाली होती.