सुधारशाळेचे दाते डेव्हिड ससून

पुण्यातील रुग्णालयामुळे ससून हे नाव सर्वतोमुखी झाले. बालगुन्हेगारांसाठीचे डेव्हिड ससून यांचे कार्य मात्र विस्मृतीत गेले. १७९२ साली बगदादच्या ज्यू घराण्यात जन्मलेले ससून तेथील छळामुळे परागंदा झाले आणि १८३२च्या सुमारास मुंबईत स्थिरावले. कापूस व अफूच्या व्यापारात त्यांनी अमाप धन मिळवले.

बेळगावनजीकच्या कडोलीपासून कराचीपर्यंत पसरलेल्या मुंबई इलाख्यात त्या काळी चोरी करणारे पोर प्रौढ कैद्यांसोबत डांबले जाई आणि निर्ढावून बाहेर पडे. १८५०च्या कायद्याने अशा मुलांना कारागिरांकडे उमेदवारीस ठेवण्याची वाट मोकळी केली. १८५७मध्ये ससून यांच्या औदार्यातून मुंबईत सुधारशाळा उभी राहिली. गुन्हा रक्तातून नव्हे, तर कुसंगत व निरुद्योगातून उपजतो. म्हणून मुलाच्या हाताला हुन्नर द्यावा, ही त्यामागील धारणा होती. अफूने चीनमधील संसार उद्ध्वस्त केले, त्याच अफूचा पैसा येथे मुले सावरण्यास लागला, हा विरोधाभासही नोंदवावा लागेल.

१८६४मध्ये पुण्यात ससून निवर्तले. सुधारशाळांचा स्वतंत्र कायदा त्यानंतर बारा वर्षांनी आला. १९५६मध्ये कडोली म्हैसूर राज्यात गेली. आज मात्र कडोली, मुंबई वा पणजी, कोठेही अठरा वर्षांखालील मुलाला तुरुंगात ठेवता येत नाही.