परळचे डॉ. खानोलकर

माझ्या लहानपणी तव्यावर मशेरी भाजल्याचा वास आला की सकाळ झाली असे आम्ही समजत असू. दाताला मशेरी लावल्याखेरीज आजी चहा घेत नसे. पुढे तिच्या गालाच्या आत एक जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. तिला परळच्या टाटा रुग्णालयात नेले तेव्हा घरातली सारी माणसे नशिबाला बोल लावीत होती. डॉ. वसंत रामजी खानोलकरांविषयी मी वाचले ते फार नंतर, आणि मन विषण्ण झाले. कारण आमच्या आजीचे दुखणे या माणसाने १९४४ मध्येच जगापुढे मांडले होते.

खानोलकरांचा जन्म १८९५ चा. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रातील एम. डी. घेऊन ते मुंबईला परतले व वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले. टाटांच्या विश्वस्त निधीतून उभे राहिलेले रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तर सगळेच पाहतात. खानोलकरांनी त्या पेशींमागचा माणूस पाहिला, असे मला वाटते. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगावरचा त्यांचा निबंध १९४४ मध्ये एका अमेरिकन संशोधन नियतकालिकात आला. पुढच्याच वर्षी त्यांनी रूढींशी जोडलेले तीन प्रकार वर्णिले. खालच्या ओठात खैनी धरून ठेवणाऱ्यांचा एक. चुट्ट्याचे जळते टोक तोंडात घेऊन ओढणाऱ्यांच्या टाळूचा दुसरा. आणि धोतर जिथे वर्षानुवर्षे घट्ट आवळले जाते, त्या कमरेच्या कातडीचा तिसरा. आता हे लंडनच्या प्रयोगशाळेत कितीही पैसा ओतला तरी कसे दिसणार? तिथे धोतर नेसतो कोण! आणि जपानात जठराचा कर्करोग इतका का, हे परळला बसून कळणार नाही. सगळ्या देशांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या तरच रोगाचे कारण हाती लागते.

पण नोंदी ठेवायला माणसे लागतात, आणि माणसांना पगार लागतो. दानशूरांच्या देणगीतून इमारत उभी राहते. वीस-वीस वर्षांच्या चिकाटीच्या संशोधनाला सरकारी तिजोरीच हवी. १९५२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आधाराने मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना त्यांची ओळख कदाचित दुसरीच असेल: १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.

आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. एका भारतीयाला हा मान मिळाला याचा अभिमान वाटतोच. परंतु १९३३ मध्ये स्थापन झालेला हा संघ म्हणजे संस्था-संस्थांचा मेळ. सरकारांनी बांधून घेतलेली वर्गणी त्याच्यामागे नव्हती. ती उणीव १९६३ मध्ये फ्रान्समधील काही विचारवंतांनी ओळखली. बड्या राष्ट्रांनी आपल्या लष्करी खर्चातला अर्धा टक्का कर्करोग संशोधनाला द्यावा, अशी विनंती त्यांनी अध्यक्ष द गॉल यांना केली. द गॉल यांनी ती उचलून धरली. मात्र वाटाघाटी होता होता त्या अर्ध्या टक्क्याचे काय झाले, तर पाच देशांनी वर्षाला प्रत्येकी दीड लाख डॉलर देण्याचे ठरले! तोफांच्या हिशेबात ही चिल्लरच. तरीही १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली लिआँ येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था त्याच चिल्लरीवर उभी राहिली.

खानोलकर १९७८ मध्ये वारले. तंबाखू घातलेला विडा चघळल्याने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा लिआँच्या त्या संस्थेने १९८५ मध्ये दिला. मुंबईच्या त्या निबंधाला तेव्हा एक्केचाळीस वर्षे झाली होती. भारत त्या संस्थेचा सभासद झाला तो २००६ मध्ये.