जावजी दादाजी : दोन रुपये पगारावर खिळे घासणारा पोरगा ते ‘निर्णयसागर’चा मालक

गावाकडच्या जुन्या वाड्यात, देवळाच्या कोनाड्यात किंवा एखाद्या कीर्तनकाराच्या फडक्यात बांधलेलं जुनं पुस्तक उघडलं, की पहिल्या पानावर बऱ्याचदा एक नाव दिसतं. निर्णयसागर छापखाना, मुंबई. कागद पिवळा पडलेला असतो, कडा तुटायला लागलेल्या असतात, पण अक्षर मात्र अजून ठसठशीत. हे अक्षर ज्यांनी घडवलं, त्या जावजी दादाजींचं नाव आज फारसं कुणाच्या तोंडी नाही.

जावजींचा जन्म १८३९चा, मुंबईतल्या एका गरीब मराठा घरातला. शाळा जेमतेम झाली. घरात चार पैसे यावेत म्हणून दहाव्या वर्षाच्या आसपास पोरगं कामाला लागलं ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात. पगार महिना दोन रुपये. काम काय, तर नुसते खिळे घासायचे.

खिळे म्हणजे छपाईचे टाइप. शिसं, अँटिमनी आणि कथील वितळवून साच्यात ओतलं की एकेक अक्षर बाहेर पडतं. त्याच्या कडेला राहिलेला चुरा, खरखर घासून काढावी लागते. एखादा खिळा केसभर जाड राहिला तर अख्खी ओळ वाकडी होते. काम कंटाळवाणं, बोटं काळी करणारं. पण अक्षर सरळ का बसतं आणि वाकडं का बसतं, हे कळायला त्याहून चांगली शाळा नव्हती. मिशनच्या त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम होते. देवनागरीचे लहान आणि सुबक टाइप पाडण्यात त्या काळी त्यांचा हातखंडा होता. पोरगं त्यांच्याच हाताखाली तयार झालं.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. इंग्रजीचं काम सव्वीस अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपांवर भागतं. देवनागरीचं तसं नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, वर आणखी जोडाक्षरं. खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. मात्रा आणि उकार वेगळे पाडले तर जुळाऱ्याला एका ओळीसाठी तीन मजले रचावे लागतात आणि छापताना मात्रा अक्षरापासून सुटी दिसते. सगळं एकाच खिळ्यात ओतलं, म्हणजे अखंड टाइप केला, तर अक्षर देखणं येतं, पण साचे करता करता कारखानदाराचं दिवाळं निघायची वेळ येते. त्यामुळेच त्या काळातली कितीतरी मराठी पुस्तकं शिळाप्रेसवर निघत. लेखकाने कागदावर लिहायचं, ते दगडावर उतरवायचं आणि छापायचं. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली छापील पंचांग काढलं ते असंच दगडावरून. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पुस्तकाला शिवत नसत, तर या गृहस्थांनी म्हणे तुपाची शाई केली. अशा काळात छापील पान पोथीइतकं देखणं आणि पोथीइतकं विश्वासाचं करून दाखवणं, ही जावजींपुढची खरी परीक्षा होती.

मिशननंतर त्यांनी टाइम्स, इंदुप्रकाश, ओरिएंटल अशा छापखान्यांतून कामं केली. १८६४ साली हिंमत करून स्वतःचा टाइप पाडण्याचा लहानसा कारखाना टाकला. भांडवल तुटपुंजंच. साथीला मित्र राणोजी रावजी आरू. पोलादाच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा, त्या साच्यातून खिळे पाडायचे. या कामात कोरणाऱ्याचा हात हलला की अक्षराचा तोल जातो, आणि ती चूक पुढे हजारो पानांवर उमटत राहते. या मंडळींच्या हातून जे वळण उतरलं ते बोरूने लिहिलेल्या बाळबोध अक्षरासारखं होतं. जाड रेघ जाड, बारीक रेघ बारीक, गोलाई भरदार. पुढे ‘निर्णयसागरी टाइप’ हा शब्दच रूढ झाला. देवनागरी अक्षर आखणारे कलाकार आजही ते वळण समोर ठेवून अभ्यास करतात.

१८६९ला निर्णयसागर छापखाना सुरू झाला. मुंबईत काळबादेवीजवळची कोलभाट गल्ली त्यामुळे देशभरच्या पंडितांना तोंडपाठ झाली. पंचांगं घरोघरी गेली. विनायक कोंडदेव ओकांचं मुलांसाठीचं ‘बालबोध’ मासिक १८८१पासून इथूनच निघू लागलं. संतवाङ्मय होतं, शाळकरी पुस्तकंही होती. पण नाव झालं ते संस्कृत ग्रंथांनी.

आता संस्कृतात एक अनुस्वार गळला तरी अर्थाचा अनर्थ. जावजी काही संस्कृतचे पंडित नव्हते. म्हणून त्यांनी शास्त्री मंडळींना मानाने बोलावून कामाला लावलं. हस्तलिखितं गोळा केली, ती एकमेकांशी ताडून पाहायची व्यवस्था केली. १८८६मध्ये ‘काव्यमाला’ सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब तिचे संपादक. कुठल्या कुठल्या दप्तरांत पडून असलेली काव्यं, नाटकं पहिल्यांदा छापून लोकांच्या हाती आली.

त्या पुस्तकांचं पान नीट न्याहाळावं. मूळ श्लोक मोठ्या टाइपात, खाली टीका लहान टाइपात, तळाला पाठभेद अगदी बारीक. तीन आवाज एका पानावर, पण कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. समास मोकळा, ओळीतलं अंतर मोजकं. रंगीत चित्र नाही, नक्षीचा सोस नाही. नुसत्या खिळ्यांच्या लहान-मोठेपणावर वाचणाऱ्याला कळतं की कवी कोण, टीकाकार कोण. पुस्तकाची सजावट म्हणजे मुखपृष्ठावरचं चित्र एवढंच समजणाऱ्यांनी हे पान एकदा बघायलाच हवं. शिवाय किंमत बेताची ठेवलेली, त्यामुळे पाठशाळेतला गरीब विद्यार्थीही रघुवंश आणि अमरकोश बगलेत मारून फिरू लागला. युरोपातल्या विद्यापीठांतही ही पुस्तकं पोचली. संशोधक अजून त्यांचे पृष्ठक्रमांक देतात.

५ एप्रिल १८९२ला जावजी गेले. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. मागे कारखाना होता, छापखाना होता, अर्धवट राहिलेले ग्रंथ होते. मुलगा तुकाराम जावजी याने सगळं पुढे चालवलं. वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकरांसारखे विद्वान संपादक नंतरच्या काळात निर्णयसागरशी जोडले गेले. १९१७ साली इथूनच ब्रह्मसूत्रांचं शांकरभाष्य निघालं, तेही भामती, कल्पतरू आणि परिमळ या टीकांसह. म्हणजे मुळावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टीका आणि तिच्यावर आणखी एक, अशी उतरंड एका पुस्तकात बसवलेली. पानाची मांडणी मात्र तीच, जावजींच्या वेळची.